ग्वाल्हेरच्या उन्हात गुग्गुळ: कलमापासून डिंकापर्यंत

भरक्याकाठचा

मंडळी, पहिला दमदार पाऊस पडला की गुग्गुळाची कलमं लावायचे दिवस, म्हणून आत्ताच हा धागा काढतोय.

आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर जातो. लू सुटली की गच्चीवरच्या कुंड्या दोन वेळा पाणी घालूनही करपतात. त्याच उन्हात मुरेना-भिंडकडच्या भरक्यांमध्ये, म्हणजे पाण्यानं कापलेल्या मातीच्या घळींमध्ये, गुग्गुळ उभा असतो. पानं टाकलेली, फांद्या वाकड्यातिकड्या आणि टोकाला काटेरी, बघणाऱ्याला वाटावं की वाळून गेलाय. जवळ जाऊन खोडावरचा पातळ पापुद्रा नखानं सोडवला की खाली हिरवी साल दिसते. पानं नसतात तेव्हा हे झाड त्या सालीच्या जोरावर अन्न तयार करतं. पाऊस आला की तीन-तीन पर्णिकांची छोटी दातेरी पानं फुटतात, मग बारीक लालसर फुलं आणि पिकल्यावर लाल होणारी फळं. उंची फार नाही, बहुतेक झाडं माणसाच्या डोक्याच्या वर थोडी जातात आणि तिथेच पसरतात.

योगराज गुग्गुळ, कैशोर गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ ही नावं आपल्या प्रत्येक घरात माहीत आहेत. देवापुढच्या धुपातही तो असतो. पण ज्या झाडाच्या खोडातून हा डिंक येतो, ते संपत चाललंय. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत २०१५ पासून गुग्गुळ ‘अतिसंकटग्रस्त’ गटात आहे. ह्याच्या खालची पायरी म्हणजे रानातून नाहीसा होणं. भारतात लागणारा बराचसा गुग्गुळ कित्येक वर्षं सीमेपलीकडून, पाकिस्तानातल्या सिंधच्या वाळवंटी भागातून येत होता. आपल्या चंबळेच्या काठावर, कच्छमध्ये आणि राजस्थानात जे झाड आपोआप उगवायचं, त्याचा डिंक आपल्याला बाहेरून आणावा लागला, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

असं का झालं, ते सांगतो. झाड आठेक वर्षांचं होऊन खोड तीन बोटं जाड झालं की साल हलकेच छेदून डिंक घेता येतो. एका हंगामात एका झाडाला साधारण २०० ते ५०० ग्रॅम मिळतो. घाई असणाऱ्यांना एवढं पुरत नाही. मग कुऱ्हाडीनं खोलवर घाव घालतात, वर इथेफॉनसारखं रसायन भरतात. डिंक कित्येक पटींनी वाहतो आणि झाड त्याच हंगामात किंवा पुढच्या वर्षी वाळून जातं. त्यात बियांपासून नवी रोपं फार कमी उगवतात, नर झाडं तर क्वचितच दिसतात. म्हणजे मेलेल्या झाडाची जागा भरून निघत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्यांच्याकडे गच्ची, अंगण, शेताचा बांध किंवा पडीक खडकाळ तुकडा आहे, त्यांनी ह्या पावसाळ्यात गुग्गुळ लावावा आणि निदान पहिली आठ-दहा वर्षं डिंकाचा विचारच करू नये. कलम कसं करायचं ते खाली सविस्तर लिहितो. प्रश्न विचारा, ज्यांना अनुभव आहे त्यांनीही लिहा.

थाटीपूर_गच्ची

फार चांगला धागा. माझ्याकडे फक्त गच्ची आहे, दिवसभर कडक ऊन. मोठ्या कुंडीत जगेल का? आणि बी मिळालं तर पेरावं की कलमच बरं?

भरक्याकाठचा

कुंडीत छान जगतो, कडक ऊन तर त्याला हवंच. बियांच्या वाटेला जाऊ नका. गुग्गुळाच्या बिया दोन रंगांच्या निघतात, काळ्या आणि पांढरट. पांढरट उगवत नाहीत आणि काळ्यांमधूनही थोड्याच उगवतात. कलमच करा.

फांदी अर्धवट जून झालेली घ्यायची. अगदी कोवळी हिरवी नको आणि जुनी कडकही नको. जाडी करंगळीएवढी, लांबी वीतभर किंवा थोडी जास्त. धारदार कात्रीनं खालचं टोक तिरकं कापा, वरचं सरळ, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. कापल्या जागी पांढरट चीक येतो. कलमं सावलीत एक-दोन दिवस ठेवून तो सुकू द्या, मग खालच्या टोकाला मुळं फुटायची पावडर लावा. कृषी केंद्रात आयबीए म्हणून मागितली की देतात.

रोपाच्या पिशवीत भरायच्या मातीत निम्म्याहून जास्त जाड वाळू हवी, उरलेलं साधी माती आणि थोडं जुनं शेणखत. आपल्याकडच्या सिंध नदीची वाळू मिळाली तर उत्तम. कलमाचा साधारण एक तृतीयांश भाग आत खोचा आणि माती दाबून घ्या, भोवती पोकळी राहता कामा नये.

दहा-पंधरा दिवसांत वर फूट दिसते. लोक इथेच खूश होऊन रोप हलवतात. ती फूट फांदीतल्या साठ्यावर आलेली असते, मुळं अजून धरलेली नसतात. त्या कलमाला पुढचा पावसाळा येईपर्यंत, म्हणजे दहा-बारा महिने, त्याच पिशवीत राहू द्या.

मुरारची_सून

काका, आमच्या अंगणात काळी चिकण माती आहे. सासऱ्यांनी दोनदा कलमं लावली, दोन्ही वेळा खालून काळी पडून मऊ झाली. आम्हाला वाटलं आपल्याकडचं पाणी सोसत नसेल.

भरक्याकाठचा

ताई, पाण्यात दोष नाही, ते मातीत साचून राहतं. गुग्गुळ मुळात वर्षाला २५० ते ५०० मिलिमीटर पावसाच्या मुलखातला. ग्वाल्हेरला त्याहून बराच जास्त पडतो, आणि तोही दोन-अडीच महिन्यांत. भरक्यांमध्ये उतार असतो, पाणी पडलं की वाहून जातं, म्हणून तिथे त्याचं बरं चालतं. सपाट अंगणात काळ्या मातीत ते मुळांशी तुंबतं आणि कलम सडतं.

जमिनीत खड्डा करू नका. विटा रचून गुडघ्याएवढा उंच वाफा करा, तळाला खडी किंवा फुटक्या कौलांचे तुकडे, वर वाळूमिश्रित माती. आपल्याकडे घरबांधणीतले दगडाचे तुकडे कुठेही मिळतात, ते घाला. पावसाळ्यात वरून पाणी घालायची गरजच नाही. कलम धरेपर्यंत कोरड्या दिवसांत आठवड्याला एकदा थोडं पाणी, आणि ऑक्टोबरनंतर माती पूर्ण सुकल्याशिवाय थेंबही नको.

अजून एक. जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो. मोठी झाडं तग धरतात, लहान रोपांचे शेंडे दवानं आणि पाल्यानं, म्हणजे गोठलेल्या दवानं, काळे पडतात. पहिले दोन हिवाळे रात्री वरून पोतं किंवा जुनी चादर टाकत जा, सकाळी ऊन आलं की काढा.

अंबाहकर_शेतकरी

आमची बरीच जमीन भरक्यात गेलेली आहे. आजोबांच्या काळी तिथे गुग्गुळ आपोआप होता, आता बघावं तिकडे विलायती बाभूळ. ती कशालाच उगवू देत नाही. गुग्गुळाची लागवड केली तर चार पैसे सुटतील का? स्पष्ट सांगा, कारण गेल्या वर्षी एक माणूस रोपं विकायला आला होता, तीन वर्षांत डिंक सुरू होईल म्हणत होता.

भरक्याकाठचा

तीन वर्षांत डिंक घेतला तर झाड मरेल. असं सांगणाऱ्याकडून एकही रोप घेऊ नका.

हिशेब असा बघा. तीन-तीन मीटरवर लावला तर हेक्टरी साधारण ११०० झाडं बसतात. खड्डे हात-दीड हाताचे, मे महिन्यातच काढून उन्हात तापू द्यायचे. आठ वर्षं डिंकाचं उत्पन्न शून्य धरा. त्यानंतरही सगळ्या झाडांवर एकदम चीर द्यायची नाही, आळीपाळीनं द्यायची. पोट ज्यावर अवलंबून आहे त्या जमिनीत मुख्य पीक म्हणून मी कुणालाही हा सल्ला देणार नाही. पण तुमची भरक्यातली जमीन आज काहीच देत नाही. तिथे उतारावर ओळीनं गुग्गुळ लावला तर मुळांनी माती धरली जाईल, आणि मधल्या पट्ट्यात गवत किंवा ग्वार घेता येईल. पुढच्या पिढीच्या हातात डिंक देणारी झाडं असतील.

विलायती बाभूळ आधी मुळासकट काढावी लागेल, नुसती तोडली तर दुप्पट जोमानं फुटते. कलमांना वाळवी लागते, विशेषतः पहिल्या वर्षी, म्हणून खड्ड्यात कडुनिंबाची पेंड टाका. आणि शेळ्यांपासून कुंपण करा.

गुग्गुळ राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या प्राधान्यानं लावायच्या वनस्पतींमध्ये आहे. सध्या कोणती योजना चालू आहे ते जिल्ह्याच्या उद्यानिकी कार्यालयात जाऊन विचारा, आणि रोपं घेण्याआधी विचारा.

बडोदेकर

माझं आजोळ ग्वाल्हेरचं, म्हणून इथे डोकावतो. कच्छमध्ये मी शेताच्या कडेनं गुग्गुळाचं जिवंत कुंपण पाहिलंय. जाड फांद्याच ओळीनं रोवतात, त्या फुटतात आणि काट्यांमुळे जनावर आत येत नाही. बांधाची जागा नाहीतरी मोकळीच असते, त्यामुळे अंबाहकरांना हे परवडेल.

आमच्याकडे बडोद्याहून जवळ, आणंदपाशी बोरियावीला औषधी व सुगंधी वनस्पती संशोधन संचालनालय आहे. तिथे गुग्गुळावर काम चालतं. ज्यांना मोठी लागवड करायची आहे त्यांनी तिथे किंवा जोधपूरच्या काझरीत (केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत) चौकशी करावी. रोप कुठल्या मातृवृक्षाचं आहे हे कळणं महत्त्वाचं, कारण डिंक किती येणार हे झाडागणिक फार बदलतं.

मुरारची_सून

जिवंत कुंपणाची कल्पना फार आवडली. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे मोकळी गायरान जागा आहे, तिथून गाई आत येतात.

दुसरं एक विचारायचं होतं. ह्यावेळी सासऱ्यांनी एका रोपवाटिकेतून ‘गुग्गुळ’ म्हणून रोप आणलंय. पानं लांब देठावर दोन्ही बाजूंनी जोडीजोडीनं आहेत, कडुनिंबासारखी. हे तेच का?

भरक्याकाठचा

नाही ताई. ती सालई आहे. गुग्गुळाच्याच कुळातली, पण मोठा वृक्ष होतो, श्योपूरच्या जंगलात भरपूर आहे. तिचाही डिंक निघतो आणि औषधात वापरतात, पण औषध वेगळं. गुग्गुळाचं पान हातात घेतलं तर एका देठाला तीनच छोट्या पर्णिका दिसतील, मधली मोठी. फांदीचं टोक बोटाला टोचलं पाहिजे. रोपवाटिकेत पान नसलेलं रोप दाखवलं तर पावसाळ्यापर्यंत थांबा, पान बघा आणि मगच पैसे द्या. सालई टाकू नका मात्र, जागा असेल तर लावा. तेही गुणी झाड आहे.

जनकगंजची_आजी

आमच्या वेळी बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा, बाळंतशोपा आणि गुग्गुळाची धुरी रोज व्हायची. संध्याकाळी दिवेलागणीला घरभर फिरवायचे. आता बाजारातून आणलेला गुग्गुळ जाळला की डोळे चुरचुरतात आणि डांबरासारखा वास येतो. आधीचा तो सुगंध येत नाही. हे काय विकतात हो?

कंपूतले_वैद्य

आजी, तुमच्या नाकानं बरोबर ओळखलं. बाजारातल्या गुग्गुळात सालईचा डिंक, राळ, साल-माती आणि स्वस्त डिंक सर्रास मिसळलेले असतात. जुन्या ग्रंथांतली परीक्षा आजही घरी करता येते. खरा गुग्गुळ विस्तवावर टाकला तर पेट घेतो, उन्हात ठेवला तर मऊ होऊन विरघळू लागतो आणि कोमट पाण्यात घातला तर पाणी दुधासारखं होतं. एक खडा घ्या, अर्ध्या वाटी कोमट पाण्यात टाका, चमच्यानं चोळा. तळाला रेती बसली आणि पाणी नुसतं गढूळ झालं तर माल चांगला नाही.

धुरीबद्दल एक विनंती. तान्ह्या बाळाच्या बंद खोलीत धूर करू नका. खोली रिकामी असताना धुरी द्या, खिडक्या उघडून धूर पूर्ण निघाला की मग बाळ-बाळंतिणीला आत न्या. दम्याचं कुणी घरात असेल तर टाळाच.

आता औषधाबद्दल, कारण इथे बरेच जण झाड लावणार आहेत आणि उद्या घरचा डिंक खायचा मोह होईल. कच्चा गुग्गुळ खायचा नाही. पोटात आग, जुलाब, अंगावर पुरळ, असं काहीही होऊ शकतं. औषधात वापरण्याआधी त्याचं शोधन करतात. गुग्गुळाचे तुकडे करून फडक्यात पुरचुंडी बांधायची, ती त्रिफळ्याच्या काढ्यात बुडेल अशी टांगायची आणि मंद आंचेवर काढा उकळत ठेवायचा. डिंक विरघळून काढ्यात उतरतो, काटक्या, साल, रेती फडक्यातच राहते. तो काढा आटवून घट्ट झाला की तूप लावत खलबत्त्यात कुटतात, आणि बराच वेळ कुटतात. माझ्या गुरूंकडे कुटायचं काम शिष्यांचंच असे, हात भरून येत. त्रिफळा गुग्गुळात मग त्रिफळा आणि पिंपळी मिळते, पण सगळ्यात मोठा वाटा गुग्गुळाचाच.

भावप्रकाशात गुग्गुळाचे पाच प्रकार सांगितलेत: महिषाक्ष, महानील, कुमुद, पद्म आणि हिरण्य. पहिले दोन हत्तींसाठी, पुढचे दोन घोड्यांसाठी आणि सोनेरी हिरण्य माणसांसाठी. नवा गुग्गुळ शरीर भरून काढतो आणि जुना मेद खरवडतो, असंही तिथे आहे. म्हणून वजन उतरवायला म्हणून कुणी ताजा डिंक सुचवला तर त्याला शास्त्राचा आधार नाही.

थाटीपूर_गच्ची

वैद्यबुवा, कोलेस्टेरॉलवर गुग्गुळ खरंच चालतो का? माझे वडील डॉक्टरांची गोळी सोडून ह्यावर यायचं म्हणतात.

कंपूतले_वैद्य

वडिलांना गोळी सोडू देऊ नका. हे मी वैद्य असूनच सांगतो.

इतिहास मोठा आहे. सुश्रुतसंहितेत मेदोरोगाच्या, म्हणजे अंगात चरबी साठण्याच्या, संदर्भात गुग्गुळ येतो. तो धागा पकडून डॉ. जी. व्ही. सत्यवती ह्यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात संशोधन केलं आणि १९६६ मध्ये प्रबंध मांडला. रक्तातली चरबी कमी होते असं सशांवरच्या प्रयोगांत त्यांना दिसलं. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेनं गुग्गुळाच्या अर्कापासून गुग्गुलिपिड हे औषध तयार केलं, त्याला १९८६ मध्ये भारतात मान्यता मिळाली. भारतातल्या चाचण्यांत उपयोग दिसला. पण २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली, तिच्यात वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल कमी व्हायच्या ऐवजी थोडं वाढलं आणि काहींना पुरळ उठलं. त्यामुळे ‘हमखास उतार’ असं कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका.

गर्भवतींनी गुग्गुळ अजिबात घ्यायचा नाही. थायरॉईडची, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, किंवा रक्तदाबासाठी प्रोप्रॅनोलॉल, डिल्टियाझेम घेत असाल, तर डॉक्टर आणि वैद्य दोघांनाही सांगितल्याशिवाय नको. ह्या शेवटच्या दोन औषधांचा असर गुग्गुळामुळे कमी होतो.

सांधेदुखीत मी कैशोर, योगराज रोज देतो आणि गुण येतो, पण प्रकृती पाहून, मात्रा ठरवून.

अंबाहकर_शेतकरी

काकांना विचारायचं राहिलं. आमच्या बांधावर दोन जुनी झाडं अजून आहेत, खोड मनगटापेक्षा जाड. त्यांचा डिंक घ्यायचा तर कसा? माहीतगार माणूस गावात राहिला नाही.

भरक्याकाठचा

वाचून फार आनंद झाला! त्या दोन झाडांची आधी कलमं करा, डिंक नंतर.

डिंकाचा काळ डिसेंबर ते मार्च. धारदार छोट्या सुरीनं सालीवर तिरकी, बोटाच्या पेराएवढी चीर द्या. सुरी सालीत थांबली पाहिजे, आतल्या लाकडाला लागता कामा नये. दोन चिरांत वीतभर अंतर ठेवा आणि खोडाच्या सगळ्या बाजूंनी गोल चिरा देऊ नका, अन्नाची वाट बंद होते. आधी पिवळसर पांढरा चीक येतो, थेंब लांबत जातो आणि दहा-पंधरा दिवसांत घट्ट होतो. तो हलकेच खरवडून काढा, जमिनीवर पडू देऊ नका, मातीचा डिंक कुणी घेत नाही. मार्चनंतर हात लावायचा नाही. पुढचं एक वर्ष तरी त्या झाडाला पूर्ण विश्रांती द्या. कुणी ‘औषध लावून देतो, दुप्पट निघेल’ म्हणत आलं तर त्याला बांधावरूनच परत पाठवा.

जंगलातल्या किंवा चंबळ अभयारण्यातल्या झाडांना कुणीही हात लावू नये, कलमासाठीसुद्धा नाही. तो गुन्हा आहे. तुमच्यासारख्यांच्या बांधावरची झाडं असताना त्याची गरजही नाही.

अंबाहकर_शेतकरी

कळलं. कलमं करतो. आणि इथल्या कुणाला फांद्या हव्या असतील तर घेऊन जा, पैसे नकोत. पाऊस लागला की या, नंतर भरक्यातला रस्ता चिखलानं बंद होतो.

मुरारची_सून

दादा, आम्ही येतो! कुंपणासाठी जाड फांद्या मिळतील का?

थाटीपूर_गच्ची

मलाही दोन-तीन हव्यात. काका, कापताना काय काय आणू?

भरक्याकाठचा

दोन झाडांवर सगळ्यांनी एकदम तुटून पडायचं नाही. एका झाडाच्या एक चतुर्थांशाहून जास्त फांद्या ह्या वर्षी काढू नका, कुंपणाच्या जाड फांद्या पुढच्या पावसाळ्यात. सूनबाई, ह्यावेळी करंगळीच्या जाडीची कलमं घ्या आणि पिशव्यांत वाढवा, कुंपणाला वर्ष उशीर होईल, पण सगळी जगतील.

धारदार कात्री, ओलं पोतं, सुतळी आणि खोबरेल तेल आणा. पोत्यात कलमं गुंडाळून न्यायची, प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका. चीक हाताला आणि कात्रीला चिकटला की साबणानं निघत नाही. आधी तेल चोळा, फडक्यानं पुसा, मग साबण लावा. बाहीचा जुना सदरा घाला, काटे लागतात.